अर्जदार घरात आढळला नाही

ग्रामदैवत श्रीसिद्धेश्वराच्या चरणी मस्तक ठेवून, आणि ज्यांच्या अनुज्ञेवाचून ही हकीकत सांगणे उचित नव्हे त्या माझ्या तिन्ही पितरांची क्षमा मागून, यंदाच्या महालय श्राद्धाच्या निमित्ताने हे चार शब्द लिहीत आहे. दर वर्षी श्राद्धाची पाने उचलली गेली की घरातील मंडळी ‘ती घरपट्टीची गोष्ट सांगा’ असा आग्रह धरतात, आणि दर वर्षी ती सांगताना माझी मान थोडी अधिकच खाली जाते. एकदा लिहून टाकली म्हणजे मी सुटलो, असा माझा विचार आहे.

गोष्ट एवढीच की, मी माझ्या घरात राहतो हे सिद्ध करण्यासाठी मी रीतसर अर्ज केला; आणि रीतसर चौकशीअंती असे सिद्ध झाले की, त्या घरात माझे पणजोबा राहतात, मी राहत नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षे झाली होती. सोलापुरात साखर पेठेत आमचे चार खोल्यांचे माळवदी घर. मी एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. त्या वर्षी घरपट्टी वाढली, आणि तिच्या पाठोपाठ असेही जाहीर झाले की, ज्या घरात मालक स्वतः राहतो आणि भाडेकरू ठेवीत नाही, त्या घरास सवलत मिळेल. सवलत मिळाली तर ठीक. न मिळाली तर पुढची खोली भाड्याने देण्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि पुढची खोली अक्काची होती.

अक्का ही माझी थोरली बहीण. अकाली वैधव्य आले तेव्हा केमच्या सासरहून एक हिरवी पत्र्याची ट्रंक घेऊन ती आमच्याकडे आली, आणि पुढच्या खोलीच्या खिडकीत बसून तिने वीस वर्षे पेठेचा कारभार पाहिला. आमचे नवरा-बायकोचे बोलणे तिने ऐकले असावे, कारण दुसऱ्या दिवशी ताटावर बसताना ती सहज म्हणाली,

“नरहरी, मी आपली केमला जाते. दिरांकडे गोठ्याशेजारी एक खोली आहे. वारा बरा येतो तिथे.”

“अक्का, तिथे म्हशी आहेत!”

“असू देत. त्यांना पुढची खोली लागत नाही.”

त्याच दिवशी तिने खाटेखालून ती ट्रंक ओढून काढली आणि तिच्यात एक लुगडे ठेवले. एकच. पुढे या प्रकरणात जसजसे अशुभ वर्तमान येत गेले, तसतशी ट्रंकेत एकेक वस्तू पडत गेली. कचेरीतून मी घरी परतलो की कुणी काही विचारीत नसे. मी ट्रंकेचे झाकण वाजेपर्यंत उभा राहत असे.

तेव्हा अर्ज हा माझ्यासाठी केवळ अर्ज नव्हता. चार दिवस बसून, आठ वेळा शुद्धलेखन तपासून, मी तो लिहिला. (“अर्ज आहे की स्तोत्र?” असे आमच्या सौ.नी विचारले. मी उत्तर दिले नाही, कारण त्या वेळी मी फलश्रुतीपाशी आलो होतो.)

पाहणीस कचेरीचा निरीक्षक कधीतरी येईल, असे सांगण्यात आले. तो आला तो नेमका पितृपक्षात, आमच्या तिथीला, भर बारा वाजता.

येथे थोडे सांगणे अवश्य आहे. श्राद्धाला तीन पिढ्यांच्या पितरांच्या जागी तीन ब्राह्मण बसवून त्यांना जेवू घालावे, असा विधी. परंतु पितृपक्षात शहरात ब्राह्मण मिळणे दुर्घट. अशा वेळी शास्त्राने सोय ठेवली आहे : दर्भाची गाठ मारून बोटाएवढा पुतळा करावा. त्याला आम्ही चट म्हणतो. पाटावर माणसाऐवजी चट बसवावा, त्याचे पाय धुवावेत, त्याला गंध लावावे, त्याच्यापुढे पान मांडून सगळा स्वयंपाक वाढावा, ‘सावकाश होऊ द्या’ अशी विनंती करावी, आणि शेवटी ‘तृप्ताः स्थ?’, म्हणजे ‘तृप्त झालात ना?’ असे विचारावे. त्यावर ब्राह्मणांनी ‘तृप्ताः स्मः’, ‘झालो’, असे म्हणायचे असते. दर्भाला वाचा नाही. म्हणून दर वर्षी प्रश्न मीच विचारतो, आणि आवाज थोडा जाड करून उत्तरही मीच देतो.

त्या वर्षी मात्र माझा घसा साफ बसला होता. तापही थोडा होता. तोंडातून वाराही निघेना. तेव्हा सर्व मंत्र उपांशु, म्हणजे केवळ ओठ हालवून म्हणावेत, असे मी ठरविले.

माजघरात तीन पाट, तीन केळीची पाने. पहिले वडिलांचे, दुसरे आजोबांचे, तिसरे पणजोबांचे. भाताची वाफ सरळ वर जात होती. शेजारी नरसय्याचा हातमाग सकाळपासून खटखटत असतो, तो बाराला थांबला, आणि घरात अशी काही शांतता पसरली की समईची वात जळताना ऐकू यावी. तिसऱ्या पानाला पाणी सोडण्यासाठी मी वाकलो, आणि माझ्या गुडघ्यांनी दगा दिला. उठता येईना. कर्म तर अर्धवट टाकता येईना. तेव्हा मी तिथेच, पणजोबांच्या पानामागे, सर्वांगाला भस्म, ओले सोवळे, डोळे मिटलेले, असा बसून राहिलो आणि ओठ हालवू लागलो.

इतक्यात ओसरीवरून हाक आली.

“कोण हाय का घरात? घरपट्टीची पाहणी करायची हाय!”

हा निरीक्षक श्री. गडदे. सांगोल्याकडचा तरुण, घरची मेंढरे दुष्काळात गेली म्हणून नोकरीला लागलेला, स्वभावाने अत्यंत सालस. त्याचे आणि सोवळ्यातल्या अक्काचे खिडकीआडून जे संभाषण झाले, त्यातील प्रत्येक अक्षर मी ऐकले. बोलू शकलो नाही.

“आत्ता बाहेर येता येणार नाही,” अक्का म्हणाली. “पितर जेवायला बसलेत.”

“आस्सं व्हय? जेवू द्या की निवांत. मी थांबतो हितंच. किती जण हायत?”

“तिघं.”

(गडद्यांच्या गावाकडे पितर म्हणजे जेवायला बोलावलेला हाडामांसाचा माणूस! त्याला पूर्वजाच्या नावाने वाढतात, तो जेवतो, ढेकर देतो आणि आपल्या घरी जातो. आमच्याकडच्या चटाची त्या बिचाऱ्याला कल्पना असण्याचे कारणच नव्हते.)

“नावं सांगता का? लिवून घेतो.”

“गोविंद, केशव आणि रामचंद्र. गोत्र काश्यप.”

“गोत्राला रकाना न्हाय. कुटलं हायत हे?”

“कुठले म्हणजे?” अक्काचा आवाज चढला. “ह्या घरातलेच! घर त्यांचंच आहे हे. त्यांच्या पुण्याईनं आम्ही आपले राहतोय इथे.”

काय सांगू! मिटल्या डोळ्यांपुढे मला घरमालकाचा रकाना स्पष्ट दिसला. मी मनातल्या मनात ‘अक्का, पुरे!’ असे ओरडलो. पण ओठांवर पितृसूक्त चालू होते.

“आन् अर्जदार शास्त्रीबुवा कुटं हायत?”

“त्याचं विचारू नका. आत्ता तो कुणाचा नाही. नसल्यासारखाच धरा.”

“बरं. मग खिडकीतनं निस्तं बगून घेतो, म्हंजी झालं.”

“बघा. पण कशाला शिवू नका.”

माजघराच्या खिडकीची जाळी हलल्याचा आवाज झाला. माझ्या चेहऱ्यावर कुणाची तरी नजर टेकली आहे, असे मला वाटले. मी कर्मातील अखेरच्या स्थानी आलो, ‘तृप्ताः स्थ?’ असा प्रश्न ओठांनी विचारला, उत्तर झाले, आणि त्याच क्षणी बाहेर “आयायायाया!” अशी आरोळी उठून पायांचा धडधड आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

सर्व आटोपून मी बाहेर आलो. ओसरी रिकामी. पायरीवर एकच चप्पल होती. तिचे तोंड आमच्या दाराकडे.

“एका पायाचं कोण आलं होतं?” सौ.नी विचारले आणि त्या चार पावले मागे सरल्या.

सहाव्या दिवशी कचेरीचे बोलावणे आले. सरकारी कामाला असा वेग मी आयुष्यात पाहिला नव्हता. शेजाऱ्यास साक्षीसाठी आणावे, असेही त्यात होते. तेव्हा नरसय्याला बरोबर घेऊन, आणि ती चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळून, मी गेलो. माझा घसा तोवर जेमतेम उघडला होता.

मोठे कारकून वळसंगकर हे टेबलामागे होते. बाजूला गडदे उभे. दंडाला ताईत, डोळे खोल गेलेले. मला पाहून ते वळसंगकरांच्या खुर्चीमागे सरकले. मी पुडके पुढे केले, तेव्हा “ठिवा, ठिवा, टेबलावर ठिवा!” असे ते म्हणाले, हातात घेतले नाही.

“शास्त्रीबुवा,” वळसंगकर म्हणाले, “घराचे मालक तिघे, आणि अर्जदार तुम्ही चौथेच. हे तिघे कोण?”

“माझे वडील, आजोबा आणि पणजोबा.”

“उत्तम. त्यांना इथे सहीसाठी घेऊन या.”

“ते येण्यासारखे नाहीत.”

“आजारी आहेत?”

“नाही. दिवंगत आहेत.”

वळसंगकरांनी चष्मा काढला. “मग पाहणीत ‘जेवताना आढळले’ असं का लिहिलंय?”

“कारण ते जेवत होते.”

“एक काहीतरी सांगा, बुवा! वारलेत की जेवतात?”

“दोन्ही,” मी म्हणालो. शास्त्रदृष्ट्या दुसरे उत्तर नव्हते.

त्यावर त्यांनी पाहणीचा अहवालच मोठ्याने वाचला. पुढे त्याची नक्कल मी मागून घेतली. ती आजही माझ्यापाशी आहे :

‘समक्ष पाहणी केली. घरात तीन पुरुष इसम जेवताना आढळले. पैकी दोन दिसून आले नाहीत. तिसऱ्या पानावरील इसम नामे रामचंद्र हा दिसला. अंगाने कृश. रंग राखेसारखा. डोळे मिटलेले. ओठ हालतात, परंतु आवाज नाही. जानवे उलट्या खांद्यावर. उजव्या गुडघ्यावर जांभळी खूण. जिवंत असल्याचे लक्षण दिसले नाही. न दिसणाऱ्या इसमांपैकी एकाने जाड आवाजात काहीतरी उत्तर दिले. घर सदर तिघांचे असल्याचे घरातील बाईंनी सांगितले. अर्जदार घरात आढळला नाही. पुढील पाहणी करता आली नाही. एक चप्पल जागेवर राहिली.’

वाचक हो, माझ्या अंगावर काटा उभा राहिला! पणजोबांना पाहिलेले माणूस आता हयात नव्हते. त्यांचे चित्र नव्हते, छायाचित्र नव्हते. वीस वर्षे मी त्यांच्या नावाने दर्भाची गाठ बांधीत होतो. आणि ते प्रत्यक्ष आले होते, ते मला न दिसता सांगोल्याच्या एका निष्पाप तरुणाला दिसले होते, आणि त्याची सही-शिक्क्यानिशी नोंद झाली होती! जानवे उलट्या खांद्यावर, ही खूण तर मला निर्णायक वाटली. जिवंत माणसाचे जानवे डाव्या खांद्यावर. पितृलोकीचा व्यवहार त्याच्या उलट असणारच. गुडघ्यावरील जांभळ्या खुणेचाही मी क्षणार्धात उलगडा केला. पणजोबा घोड्यावरून प्रवास करीत असे ऐकले होते, पडले असावेत. मी हात जोडून त्या अहवालाला नमस्कार केला.

“नमस्कार कुणाला?” वळसंगकरांनी मागे वळून पाहिले. गडदे तर भिंतीलाच टेकले.

मग त्यांनी नरसय्याला पुढे बोलाविले. नरसय्या मला तेलुगू रिवाजाप्रमाणे पंतुलुगारू, म्हणजे गुरुजी, म्हणत असे. माझ्या बाजूने बोलण्याची त्याची तयारी इतकी होती की, त्याला थोपविणे शक्य नव्हते.

“साब, पंतुलुगारू खोटं बोलत नाय. ते लोक दर साल येतेत. मी बगितला नाय, निस्ता ऐकतो. बारा वाजता माग बंद करतो ना, तवा भिंतीतून आवाज येतो. एक आवाज इचारतो, दुसरा जवाब देतो. औंदा इचारणारा नव्हता, साब. निस्ता जवाबच आला.”

कचेरीतील पंखा फिरत होता, तरी वळसंगकरांनी कपाळ पुसले. शेवटी त्यांनी तोडगा काढला. मी एक प्रतिज्ञापत्र लिहून द्यावे : ‘उपरोक्त तीन इसम माझ्या घरी येत नाहीत, राहत नाहीत.’ सही करा, सवलत घेऊन जा. मुदत अमावास्येपर्यंत.

मी लेखणी उचलली आणि खाली ठेवली.

“सहाच दिवसांपूर्वी मी त्यांना ‘यावे’ म्हणून पाचारण केले. आसन दिले, पाय धुतले. आज ते येत नाहीत असे लिहून देऊ?”

“अहो, नुसता कागद आहे!”

“तुमच्याकडे कागद असेल. माझ्याकडे ते जेवून गेलेत.”

घरी आलो. नेहमीप्रमाणे उभा राहिलो. ट्रंकेचे झाकण वाजले. आत अक्काची जपमाळ गेली होती.

पुढचे दिवस आमच्या घरात जे वातावरण होते, त्याचे वर्णन करण्यास माझी लेखणी समर्थ नाही. सौ. भर दुपारी बाराला माजघरात जाईनात. माठ त्यांनी स्वयंपाकघरात हलविला. मी तिसऱ्या पानाच्या जागी एक पाट कायमचा मांडला, आणि जाता-येता त्याला वाट सोडून चालू लागलो. एकदा स्नान करून देवघराकडे गेलो आणि सहज वळून पाहिले, तो फरशीवर ओली पावले! विहिरीपासून थेट माझ्या मागे आलेली! मी तेथेच साष्टांग घातले. (ती माझीच होती. पण भक्तीचा पूर आला की तपशील राहून जातात.) दुसऱ्या दिवशी पणजोबांनी माझा चष्मा देवघरातून उचलून कोनाड्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी तो त्यांनी माझ्या कपाळावर ठेवला, आणि मी तो तासभर शोधीत होतो.

ट्रंक भरत चालली. तांब्या गेला. दासबोधाची पोथी गेली. चतुर्दशीला अक्काने खिडकीतील तिची बसायची घडीची सतरंजी उचलली, आणि ती खिडकी मला एकदम परक्याची वाटू लागली. सौ. पदराने डोळे टिपत आत गेल्या. सही करावी तर पितर दुखावतात. न करावी तर अक्का जाते. पितर दुखावले तर शाप देतील. अक्का दुखावली तर काहीच म्हणणार नाही, ‘वारा बरा येतो’ एवढेच म्हणेल. त्यातील अधिक भयंकर काय, याचा निर्णय मला होईना.

“जायच्या आधी तो कागद एकदा वाचून दाखव,” अक्का म्हणाली. “पणजोबा कसे होते ते तरी कळू दे मला.”

मी गहिवरलेल्या आवाजात वाचू लागलो. कृश. राखेसारखा रंग. मिटलेले डोळे. अक्का हात जोडून ऐकत होती. ‘उजव्या गुडघ्यावर जांभळी खूण’ येथे तिने हात सोडले.

“कुठल्या गुडघ्यावर?”

“उजव्या. घोड्यावरून...”

“थांब.”

ती उठली, वलणीवरचे माझे सोवळे ओढून तिने माझ्यापुढे पसरले. उजव्या गुडघ्याच्या जागी चांगला वीतभर लांब, जांभळ्या दोऱ्याचा टाका होता.

“श्रावणात फाटलं होतं. पांढरा दोरा संपला, म्हणून नरसय्याच्या मागावरचा जांभळा आणून मीच शिवलं,” अक्का म्हणाली. “हा घे तुझा पणजोबा!”

मी टाक्याकडे पाहिले. कागदाकडे पाहिले. “पण जानवे उलट्या खांद्यावर...”

“श्राद्धाला तू जानवं कुठल्या खांद्यावर घेतोस रे, शास्त्री?”

वीस वर्षे मी मुलांना सव्य आणि अपसव्य यांतील भेद शिकविला आहे. पितृकर्मात जानवे उजव्या खांद्यावर घ्यावे, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी मी सांगेन. फक्त ते जानवे माझे असू शकेल, हे मला सुचले नाही.

स्वयंपाकघरातून प्रथम काहीतरी सांडल्याचा आवाज आला, आणि मग सौ.चे हसणे. ते थांबेना. अक्काही हसू लागली. खाटेचा गज धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी तेवढा, आपल्याच पणजोबांना आठ दिवस वाट सोडून चालणारा, मध्ये उभा.

आता गडद्यांनी मला पाहून ‘हाच तो’ असे म्हणणे आवश्यक होते. पण ते रूप हवे तेव्हा धारण करता येत नाही. पितृकर्मावाचून जानवे उजव्या खांद्यावर घेणे निषिद्ध. सुदैवाने दुसऱ्याच दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. त्या दिवशी सर्व पितरांना तर्पण करून निरोप द्यायचा असतो. आणि कचेरीची मुदतही तीच.

अमावास्येला बाराच्या सुमारास मी त्याच जागी, त्याच सोवळ्यात, भस्म लावून, डोळे मिटून बसलो. माग थांबला. नरसय्याने गडद्यांना हाताला धरून खिडकीशी आणले.

“बगा ना साब, डरू नका.”

“मी न्हाय डरत,” गडदे म्हणाले, आणि त्यांचे दात वाजल्याचे मला आत ऐकू आले. जाळी हलली. “ह्योच! ह्योच त्यो! त्योच गुडघा! आवं... पर ह्यो तर शास्त्रीबुवांसारका दिसतोय की!”

ओळख पक्की व्हावी, म्हणून मी एक डोळा उघडला.

तेच चुकले.

या खेपेस दुसरी चप्पल राहिली.

तरीही काम झाले होते. तर्पण संपवून, पितरांना हात जोडून निरोप देऊन, ती चप्पल घेऊन मी तिसऱ्या प्रहरी कचेरीत गेलो आणि प्रतिज्ञापत्र स्वतःच्या शब्दांत लिहिले : ‘आज या क्षणी माझ्या घरात मी, माझी पत्नी व माझी बहीण यांखेरीज कोणीही राहत नाही.’ अक्षरशः खरे होते. खाली सही केली.

“मग ते तिघे?” वळसंगकरांनी विचारले.

“आत्ताच गेले.”

“कुठे?”

“साहेब,” गडदे कळवळून म्हणाले, “आता इचारू नगा की!”

संध्याकाळी अक्काने ट्रंक उपडी केली. सतरंजी खिडकीत गेली, जपमाळ खुंटीला. ट्रंक रिकामी होऊन खाटेखाली गेली, आणि गोठ्याच्या वाऱ्याची गोष्ट पुन्हा आमच्या घरात निघाली नाही.

एक गोष्ट मात्र मी बरेच दिवस कुणाला बोललो नाही. त्या तिथीला माझा घसा बंद होता. प्रश्न मी ओठांनीच विचारला, हे निश्चित. मग उत्तर? गडद्यांनी जाड आवाज ऐकला. नरसय्याने भिंतीपलीकडून ऐकला. आणि खरे सांगायचे तर मीही ऐकला होता. पण त्यात मला काही नवल वाटले नाही, कारण ते उत्तर लहानपणापासून मला वडिलांच्याच आवाजात ऐकू येते. अक्काला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “तुला ताप होता. तूच बोलला असशील.” असेल. मी वाद घातला नाही. तेव्हापासून मी प्रश्न तेवढा विचारतो, आणि थोडा वेळ थांबतो.

महिन्याभरात सवलतीचा हुकूम आला. त्यावर खाली शेरा होता : ‘अर्जदार स्वतः घरात राहतो. प्रथमदर्शनी मृत वाटतो. परंतु शेजाऱ्याच्या जबाबावरून हयात धरण्यास हरकत नाही.’ माझ्या हयातीचा दुसरा लेखी पुरावा आजतागायत माझ्यापाशी नाही.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी श्रीसिद्धेश्वराच्या कृपेने अन्न, आरोग्य आणि थोरल्या बहिणीची खिडकी अक्षय राहो. त्यांचे पितर तृप्त होवोत आणि वेळेवर परत जावोत. आणि कचेरीचा निरीक्षक दारी आलाच, तर घरचा धनी त्याला पहिल्या खेपेलाच जिवंत दिसो!